वीस दिवसांचे न्यायाधीश

१

फाईल जागेवर होती. वरची नाडी होती, नाडीची गाठ होती, आतली अनुक्रमणिकाही होती. नव्हता तो फक्त कागद. एकच कागद ठेवायला केलेली फाईल आणि नेमका तोच गायब. दफ्तरताईंनी फाईल उलटी करून झटकली. थोडी धूळ पडली आणि त्यांच्या डाव्या दाढेतून एक कळ थेट कानापर्यंत गेली. ती दाढ आदल्या दिवशीच डॉक्टरकडे जाऊन कोरून आली होती, आणि कोरल्यापासून तिला जास्तच चेव आला होता.

खिडकीपलीकडे तोफ उभी होती. कोर्टात त्या वकिलांना सगळे तोफच म्हणत, आणि ते ऐकून वकीलसाहेब खूश होत.

"सापडेना का, ताई?"

"सापडतोय. तुम्ही जरा हळू बोललात तर लवकर सापडेल."

"अहो, साध्या एका कागदाची नक्कल मागतोय मी."

कागद साधा नव्हता. मोठे न्यायाधीश गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी वीस दिवस रजेवर गेले, तेव्हा नियमाप्रमाणे त्यांनी गावातल्या एका ज्येष्ठ वकिलांना उपन्यायाधीश नेमलं होतं. अशा नेमणुकीचा एकच कागद असतो. पुढच्या बाजूला हुकूम: अमुक तारखेपासून तमुक तारखेच्या संध्याकाळी सहापर्यंत. मागच्या बाजूला शपथ आणि सही. तेवढ्या दिवसांत त्या माणसाला न्यायाधीशाचे सगळे अधिकार, आणि सहा वाजून एक मिनिटाने त्याच्यात आणि खिडकीवरच्या पक्षकारात काही फरक नाही. फलकावर एक प्रत लागते, पण मुदत संपली की ती काढून फाडून टाकायची रीत होती, कोणी जुन्या साहेबांना नवे समजू नये म्हणून. राहतो तो दफ्तरखान्यातला हा एकच कागद.

"कागद नाही तर नेमणूक नाही," तोफ आता चढत्या आवाजात सुरू झाली. "नेमणूक नाही तर न्यायाधीश नाही. आणि न्यायाधीशच नाही, तर त्यांनी दिलेले नऊ निकाल म्हणजे रद्दी! माझ्या अशिलाची पुतणी मावशीला देऊन टाकली, तो निकालसुद्धा रद्दी. मग आधीचा हंगामी आदेश पुन्हा लागू. पोरगी काकाकडे. त्यांची परवाची, शनिवारची विमानाची तिकिटं आहेत, ताई. परदेशात स्थायिक होतायत ते. पोरीचंही तिकीट काढून ठेवलंय."

"निकाल विरुद्ध गेला असताना?"

"मी आशावादी माणूस आहे," तोफ म्हणाली. "उद्या तीन वाजता मोठ्या साहेबांसमोर हरकत ठेवतोय. तोवर कागद शोधा, नाहीतर नाही असं लिहून द्या."

वकील बाजूला झाले आणि त्यांच्या मागचा बाक दिसला. बाकावर पोरीची मावशी बसली होती. बस कंडक्टर होती ती. अंगावर गणवेश, मांडीवर तिकिटांची चामडी पिशवी. निकालाची नक्कल शाळेत द्यायची म्हणून ड्युटी बदलून आली होती. बहीण गेल्यापासून चार वर्षं तिनेच पोरीला सांभाळलं होतं.

"ताई, काही झालंय का?"

खिडकीवर खोटं बोलायचं नाही, हा दफ्तरताईंचा तीस वर्षांचा शिरस्ता. "काही नाही," त्या म्हणाल्या. "बसा तुम्ही."

२

"मी नेमलं, मला ठाऊक आहे!" मोठे साहेब टेबलावर हात आपटून म्हणाले. दुखरा पाय त्यांनी स्टुलावर ठेवला होता. "माझ्यासमोर शपथ झाली. पेन माझं होतं!"

"मग पुन्हा लिहून द्यावं साहेबांनी," शिरस्तेदार म्हणाले. कोर्टाच्या कचेरीचे ते मुख्य, आणि प्रत्येक अडचणीवर त्यांच्याकडे एक सोपा उपाय असे.

"मागच्या तारखेने? उद्या तुम्ही मला मागच्या तारखेने जन्माला घालाल. मला माहीत असणं हा पुरावा होत नाही, शिरस्तेदार. पुरावा तो कागद." साहेब दफ्तरताईंकडे वळले. आवाज उतरला. "उद्या तीन वाजता मला निर्णय द्यावा लागेल. कागद नसेल तर मी त्या पोरीला मावशीकडे ठेवू शकत नाही. मनात कितीही असलं तरी."

"होय साहेब."

"कपाटाच्या किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्या खणात, एक शिरस्तेदारांच्या कमरेला."

शिरस्तेदारांचा हात नकळत कमरेकडे गेला. "म्हणजे काय, माझ्यावर संशय?"

"किल्ल्या मोजल्या फक्त," साहेब म्हणाले. "तुम्हाला कशाला लागलं?"

दफ्तरखान्यात परत येऊन ताईंनी कपाट नीट पाहिलं. कडी शाबूत, बिजागऱ्या शाबूत. वरच्या कप्प्यात नेमणुकांच्या फायली. खाली कोर्टाचे शिक्के, जुनी घंटा, आणि खुंटीला उपन्यायाधीशांचा काळा कोट. हा कोट कोर्टाच्या मालकीचा. जो येईल त्याने घालायचा आणि मुदत संपली की परत करायचा, त्यामुळे तो कधीच कोणाला धड बसत नसे. कोपरं झिजलेली, कॉलरला डांबरगोळ्यांचा वास, खिसे काळ्या दोऱ्याने कायमचे शिवून टाकलेले. न्यायाधीशाच्या खिशात कोणी काही सरकवू नये म्हणून कुठल्याशा जुन्या साहेबांनी ती रीत पाडली होती. गेल्या वर्षी उसवले तेव्हा टाके ताईंनीच घातले होते.

कोट परत आला तो मंगळवारी संध्याकाळी, मुदत संपल्यावर. ताईंना आठवलं, उपसाहेब स्वतः घडी घालून घेऊन आले होते. त्या पावती लिहीपर्यंत समोरच्या खुर्चीत बसून टेबलावरची कुठलीशी फाईल चाळत होते. मग पाणी मागितलं, पावती न घेताच निघाले, आणि त्यांना परत बोलवावं लागलं. त्या वेळी कपाटात नेमणुकीचा कागद होता. कोट परत आल्याची नोंद ताईंनी स्वतः त्याच फाईलच्या अनुक्रमणिकेवर केली होती.

म्हणजे चोरी मंगळवार संध्याकाळ ते गुरुवार सकाळ यांच्यामधली. बुधवारी दुपारी त्या दाढेपायी अर्धी रजा घेऊन गेल्या होत्या.

"शिपाईमामा," त्यांनी हाक मारली. "काल दुपारी मी नसताना कोण आलं होतं?"

शिपाईमामा कोर्टाइतकेच जुने होते. त्यांनी नोंदवही उघडून दाखवली. "कोणी नाही. पान कोरं आहे बघा."

तेवढ्यात शिरस्तेदार दारात उभे राहिले. अपमान गिळायला त्यांना अर्धा तास लागला होता, आणि त्या अर्ध्या तासात त्यांनी विचारही केला होता.

"कुलूप फोडलेलं नाही," ते म्हणाले. "मग कुलूप न फोडता उघडणारा कोण? मंगळवारी तुमच्या खिडकीवर नकलेचा अर्ज घेऊन कोण उभं होतं? उपसाहेबांनी शेवटच्या दिवशी कोणाचं घर खाली करायचा हुकूम दिला? आठवा, ताई. धंदा काय त्याचा?"

ताईंना आठवलं. तो कुलूपं दुरुस्त करायचा.

३

कुलूपवाल्याचं दुकान म्हणजेच त्याचं घर. पुढे एक फळी, फळीवर किल्ल्यांचे झुबके, मागे पडद्याआड संसार. पडद्याआड आज खोके बांधायचं काम चाललं होतं. शनिवारी दहाला कोर्टाचा बेलिफ ताबा घ्यायला येणार होता.

दफ्तरताईंनी पिशवीतून कपाटाचं कुलूप काढून फळीवर ठेवलं.

"हे किती वेळात उघडेल?"

"दोन मिनिटं. चहा पीत असलो तर तीन."

"कोणीतरी उघडलंय."

त्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग कुलपाकडे. "आणि तुम्हाला वाटतं मी."

"मी विचारायला आलेय. वाटलं असतं तर पोलीस आले असते."

त्याने डोळ्याला भिंग लावलं, कुलूप दिव्याखाली धरलं, आणि मग भिंगच त्यांच्या हातात दिलं. "माझ्या सांगण्यावर कशाला जाता? तुम्हीच बघा. तारेनं उघडलं की आतल्या पितळेवर ताजा ओरखडा उठतो. चमकतो. दिसतोय?"

दिसत नव्हता. आत सगळीकडे सारखाच काळपटपणा होता.

"किल्लीनं उघडलंय हे," तो म्हणाला. "आणि काय गेलं आतून?"

"उपसाहेबांच्या नेमणुकीचा कागद."

त्याचा चेहरा कोराच राहिला. "त्याचं मी काय करू? माझा कागद शोधा ना तुम्ही! घराच्या करारावर जुन्या मालकाची सही आहे, तो कागद मी तुमच्याच खिडकीवर दिला. निकालाच्या आदल्या दिवशी, दुपारी चारला. ठप्पा मारून घेतला. उपसाहेबांना सांगितलं, साहेब, कागद दिलाय. ते म्हणाले, फायलीत नाही म्हणजे नाही. घड्याळ बघत होते. साडेपाच झाले होते. पाच मिनिटांत माझं घर गेलं." त्याने कुलूप त्यांच्यापुढे सरकवलं. "म्हणून नकलेचा अर्ज केलाय. बघू तरी दे, माझा कागद कोर्टाने खाल्ला कुठे."

दफ्तरताई बाहेर पडल्या तेव्हा दाढ ठणकत होती, पण त्यांना अस्वस्थ करत होतं ते दुसरंच. किल्ल्या दोनच होत्या. एक त्यांची स्वतःची.

४

शिरस्तेदारांना सरळ विचारलं तर ते फुरंगटून बसले असते. म्हणून ताईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला.

"तुमच्या जावयांना नेमलं असतं तर ही वेळच आली नसती, नाही?"

"मी कधी म्हटलं नेमा म्हणून?" शिरस्तेदार म्हणाले आणि लगेच सुरू झाले. जावई वकिलीत अठरा वर्षं, यादीत नाव दुसरं, तरी मोठ्या साहेबांनी पहिल्यालाच नेमलं. आता हेच उपसाहेब कायमच्या न्यायाधीशपदाच्या यादीत गेलेत. "राग येतो, ताई. पण मी कागदाला हात लावीन? माझी नोकरी कागदावर उभी आहे. आणि काल दिवसभर मी कोर्टात पुकारा करत होतो. मोठे साहेब साक्षीला आहेत."

ते खरं होतं. बुधवारी मोठे साहेब रजेवरून आले तो पहिला दिवस, आणि शिरस्तेदारांना जेवायलाही उठता आलं नव्हतं.

"आणि एवढे हुशार म्हणता ते तुमचे उपसाहेब," शिरस्तेदार चहाचा घोट घेऊन म्हणाले, "मंगळवारी मला जिन्यात गाठून काय विचारतात? म्हणे, दिलेल्या निकालात चूक दिसली तर आता दुरुस्त करता येईल का. मी म्हटलं, साहेब, मुदत संपली की तुम्ही आणि मी सारखेच. अहो, पंचवीस वर्षं वकिली केलेल्या माणसाने हे मला विचारावं?"

"कसली चूक?"

"ते नाही सांगितलं."

त्याच संध्याकाळी, कचेरी बंद व्हायच्या आत, उपसाहेब स्वतः दफ्तरखान्यात आले. त्यांना सगळे अजून उपसाहेबच म्हणत, जरी आता ते पुन्हा साधे वकील झाले होते. नेहमी इस्त्रीतला माणूस, पण आज दाढी राहिली होती.

"ऐकलं ते खरं का, ताई?"

"खरं आहे. बसा ना."

ते बसले नाहीत. खिडकीपर्यंत गेले, परत आले. "माझ्या नावाला बट्टा लागणार. वीस दिवस न्यायाधीश होतो, आणि आता लोक म्हणणार, होता की नव्हता? आणि उद्या तीनपर्यंत नाही सापडला तर... तर शनिवारचा घराचा ताबा थांबेल ना?"

"थांबेल. निकालच नाही म्हटल्यावर बेलिफ कशाला जाईल?"

"हो. बरोबर," ते म्हणाले आणि टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. "तुमच्यावर काही येणार नाही ना?"

"ते बघू."

ते गेले. ताईंनी खिडकी लावली, शिक्के आवरले, दिवा घालवला आणि अंधारातच पुन्हा खुर्चीत बसल्या. नऊ निकाल दिले होते या माणसाने. नऊ घरांत काहीतरी उलथंपालथं होणार होतं. त्यातल्या एकाच घराची उपसाहेबांनी चौकशी केली होती.

५

शुक्रवारी सकाळी शिपाईमामा कुलूप काढायच्या आत दफ्तरताई पायऱ्यांवर हजर होत्या. रात्रभर त्यांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने घोळवला होता.

"मामा, परवा दुपारी कागद बघायला कोणी आलं नाही. मान्य. पण या खोलीत पाऊल कोणी ठेवलं? कागद बघायला नाही, कशालाही. पंखा दुरुस्त करायला, चहा द्यायला, कशालाही."

मामांनी डोकं खाजवलं. "चहावाला. झाडूवाली बाई. आणि उपसाहेब."

"उपसाहेब? मग काल 'कोणी नाही' काय म्हणालात?"

"तुम्ही कोण आलं म्हणून विचारलंत. ते काय 'कोणी' आहेत का? साहेब आहेत ते!" मामांना खरोखरच राग आला. "साहेब लोकांची सही घेतो का आपण नोंदवहीत? चष्म्याचं घर राहिलं होतं त्यांचं कोटाच्या खिशात. म्हणाले, मामा, कपाट उघडा जरा. तुमच्या खणातली किल्ली घेतली, उघडून दिलं. त्यांनी पाणी मागितलं म्हणून मी माठाकडे गेलो. आलो तर ते निघालेच होते."

"सापडलं का चष्म्याचं घर?"

"हातातच होतं की त्यांच्या."

ताईंनी कपाट उघडलं. काळा कोट खुंटीला शांत लटकत होता. त्यांनी उजव्या खिशात हात घालायला बोटं सरकवली, मग डाव्या खिशात. बोटं आत गेली नाहीत. त्यांच्याच हातचे काळे टाके, एकही उसवलेला नव्हता.

"मामा," त्या म्हणाल्या, "आज खिडकी तुम्ही सांभाळा."

पण 'कोण' कळलं म्हणून 'का' कळत नाही. स्वतःच्याच नेमणुकीचा कागद माणूस कशाला चोरेल? त्यांनी मंगळवारी टेबलावर पडलेली फाईल काढली. कुलूपवाल्याची होती ती, नकलेसाठी वर काढलेली. पानं उलटत गेल्या. पान एक्केचाळीस. घराचा करार, जुन्या मालकाची सही, आणि कोपऱ्यात खिडकीचा जांभळा ठप्पा: निकालाच्या आदल्या दिवसाचा, दुपारी चार.

निकालात लिहिलं होतं, प्रतिवादीने एकही कागद दाखल केला नाही.

ताईंनी खिडकीजवळच्या ट्रेकडे पाहिलं. तीननंतर खिडकीवर आलेला कागद दुसऱ्या दिवशी कोर्ट उठल्यावर फायलीला शिवायचा, ही त्यांचीच पद्धत. निकाल झाला तेव्हा, साडेपाच वाजता, तो कागद ट्रेमध्ये पडून होता. न्यायाधीशाच्या खुर्चीपासून एक भिंत आणि चार पावलं दूर. तो ट्रे त्यांचा होता.

६

उपसाहेबांच्या ऑफिसात दोन वाजता त्या पोचल्या. ते एकटेच होते. समोर जेवणाचा डबा न उघडता ठेवलेला.

"कोटाच्या खिशात चष्म्याचं घर राहिलं म्हणालात," ताई म्हणाल्या.

त्यांनी डबा बाजूला सरकवला. मग अगदी हळू हसले. "वीस दिवस घातला तो कोट. रोज हात खिशाकडे जायचा आणि शिवणीवर आपटायचा. आणि ऐन वेळी तोंडातून निघालं ते माझ्या वकिली कोटाचं."

"कागद आहे की जाळलात?"

"काडी ओढली होती. नाही झालं." त्यांनी खण उघडला. कागद एका कोऱ्या पाकिटात घातला होता, न दुमडता. "तुम्ही एक्केचाळिसावं पान बघितलंत?"

"बघितलं. तो कागद माझ्या ट्रेमध्ये होता. तुम्हाला दिसणं शक्यच नव्हतं."

"मला दिसला नाही, पण मी ऐकलं होतं, ताई! तो माणूस माझ्यासमोर हात जोडून सांगत होता, साहेब, कागद दिलाय खिडकीवर. एका शिपायाला पाठवलं असतं तर दोन मिनिटांत आला असता. पण सहाला माझी मुदत संपत होती. एक प्रकरण अर्धवट राहिलं असं यादीत दिसायला नको होतं मला. नऊच्या नऊ निकाली, असं लिहायचं होतं." ते उठून येरझाऱ्या घालू लागले. "त्याच संध्याकाळी, कोट परत करताना, तुमच्या टेबलावर ते पान दिसलं. आणि मी काहीही करू शकत नव्हतो. माझी चूक, पण दुरुस्त करायचा अधिकार माझा नाही. तेव्हा वाटलं, मी न्यायाधीश नव्हतोच असं झालं, तर त्याचं घर वाचेल."

"मोठ्या साहेबांना जाऊन सांगता आलं असतं."

"आलं असतं," ते म्हणाले. "मग कायमच्या यादीतून माझं नाव गेलं असतं. तेवढी हिंमत नव्हती. कागद नाहीसा झाला तर दोन्ही वाचत होतं. तो आणि मी."

"आणि पोरगी?"

"ते प्रकरण दोन आठवड्यांत पुन्हा चालेल. मोठे साहेबही मावशीलाच देतील. चार दिवस काकाकडे राहिली तर..."

"उद्याचं विमान आहे."

त्यांचं पाऊल अधांतरी थांबलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. तोफेने ही गोष्ट फक्त खिडकीवर गरजून सांगितली होती.

"काका उद्या देश सोडतोय," ताई म्हणाल्या. त्यांचा राग आता दाढेपेक्षा जास्त ठणकत होता. "एका घरासाठी तुम्ही नऊ घरांवर नांगर फिरवलात. आणि ती कंडक्टरबाई कालपासून माझ्या खिडकीसमोर बसलीय. मी तिला खोटं सांगितलंय, काही झालं नाही म्हणून. तीस वर्षांत पहिल्यांदा!"

उपसाहेबांनी पाकीट टेबलावर ठेवलं. घड्याळात दोन पस्तीस झाले होते.

"कागद परत दिला तर कुलूपवाला उद्या रस्त्यावर येतो," ते म्हणाले.

"येणार नाही. मोठे साहेब त्या निकालाचा फेरविचार करू शकतात. त्यांना कोणीतरी शपथेवर सांगायला हवं की हा कागद निकालापूर्वी आला होता, आणि न्यायाधीशांना सांगूनही त्यांनी मागवला नाही. अर्धं मी सांगेन. उरलेलं अर्धं एकाच माणसाला ठाऊक आहे." त्यांनी पाकीट उचललं. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "हा कुठे मिळाला विचारलं, तर म्हणेन, चुकून दुसऱ्या फाईलमध्ये गेला होता. एक खोटं बोललेच आहे, दुसरं बोलेन. तुम्ही फक्त पानाबद्दल बोला."

त्यांनी मान हलवली. होकाराची की नकाराची, ते ताईंना कळलं नाही.

७

तीन वाजता तोफ धडाडली आणि सव्वातीनला फुसकी झाली. नेमणुकीचा कागद मोठ्या साहेबांच्या हातात होता. त्यांनी पुढची बाजू वाचली, मागची वाचली, स्वतःची सही दोनदा पाहिली.

"हरकत फेटाळली. मुलगी मावशीकडेच राहील." मग चष्म्यावरून पाहिलं. "दफ्तरताई, हा कुठे सापडला?"

ताई उठल्या. वाक्य तयार होतं. तोंड उघडणार, तोच मागे बाक सरकल्याचा आवाज आला.

"माझ्या खणात, साहेब," उपसाहेब म्हणाले. "मी चोरला होता."

ते पिंजऱ्यात जाऊन उभे राहिले, कोणी न बोलावता. सगळं सांगितलं. एक्केचाळिसावं पान, साडेपाचची वेळ, हात जोडून उभा असलेला माणूस, ओढलेली काडी. स्वतःची बाजू घेणारं एकही वाक्य त्यात नव्हतं. त्यांच्यामागून ताईंनी आपल्या ट्रेचं सांगितलं. शिरस्तेदारांनी ते पहिल्यांदाच मध्ये न टोकता ऐकून घेतलं.

मोठे साहेब बराच वेळ पाय चोळत राहिले. "घराचा ताबा थांबवतो. फेरविचाराचा अर्ज आज सहाच्या आत आला तर सोमवारी ऐकेन, नाहीतर स्थगिती उठेल. वकीलसाहेब," ते उपसाहेबांकडे वळून म्हणाले, "तुमची वकिलीची सनद उद्या सकाळपासून स्थगित. आणि चोरीचं प्रकरण..." ते थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर चमत्कारिक भाव आला. "ते मला चालवता येणार नाही. नेमणूक माझी, शपथ माझ्यासमोरची. मी साक्षीदार आहे. त्यासाठी उपन्यायाधीश नेमावा लागेल."

कोर्टात कोणीतरी खुदकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. शिरस्तेदारांच्या डोळ्यांसमोर बहुतेक यादीतलं दुसरं नाव आलं असावं, कारण ते एकदम ताठ बसले.

बाहेर मावशीने दफ्तरताईंचा हात धरला. "मला त्यातलं काही कळलं नाही. पोरगी माझ्याकडेच ना?"

"तुमच्याकडेच. काल मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं, पण आता खरं सांगतेय."

मावशीने ते ऐकलंच नाही. शाळा सुटायला वीस मिनिटं होती आणि ती पिशवी छातीशी धरून जिन्याने धावत सुटली होती.

नकलेसाठी आलेल्या कुलूपवाल्याने मागे उभं राहून सगळं ऐकलं होतं; आता व्हरांड्यात तो उपसाहेबांची वाट अडवून उभा होता. एवढी कायद्याची भाषा त्याच्या डोक्यावरून गेली होती. कोण कशासाठी गुन्हेगार ठरलं हेही त्याला धड उमगलं नव्हतं. एवढंच कळलं होतं की आज या कोर्टात पहिल्यांदा कोणीतरी त्याच्या बाजूने बोललं.

"वकीलसाहेब," तो म्हणाला, "साहेबांनी अर्ज मागितलाय. माझी केस तुम्ही घ्याल का?"

उपसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी पुसलंही नाही. "अरे, तुझं घर मीच घालवलं होतं."

"ते माहीत आहे मला. म्हणून तर. तुमच्याइतकं ठाऊक दुसऱ्या कोणाला आहे?"

दफ्तरताई खिडकीत येऊन उभ्या होत्या. त्यांना अजून त्या माणसाचा राग येत होता आणि तो राग धड टिकतही नव्हता. त्यांनी पाहिलं, उपसाहेबांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. चार वाजायला दहा कमी होते.

"उद्या सकाळपासून मी वकील नाही," ते म्हणाले. "आज आहे. बस इथे. तुझं म्हणणं सांग मला, पहिल्यापासून. सावकाश सांग."

कुलूपवाला बाकावर बसला आणि बोलायला लागला. ताईंनी खिडकीतून दोन कोरे कागद बाहेर सरकवले, ट्रे उचलून आपल्या टेबलावर आणून ठेवला, आणि अर्ज येईपर्यंत खिडकी उघडी ठेवायला शिपाईमामांना सांगितलं.